सावली बाजूला घ्या

नाही हो ड्रायव्हरसाहेब, रस्ता नाही चुकलो. जागा हीच. ती पांढरी टेकडी, हे गारगोट्यांचं पठार — सगळं बरोबर आहे, फक्त झाड सापडत नाहीये. झाड म्हणजे — तुम्ही म्हणाल, या वाळवंटात झाड कुठलं — झाड नव्हेच ते, दोन जाड पानं, एकमेकांना चिकटलेली, अंगठ्याएवढी, रंगानं हुबेहूब गारगोटी. पाणी पोटात धरून जमिनीत रुतून बसतं. इथं सोडून कुठंच उगवत नाही, असं आमचं मत. आमचं म्हणजे हिचं. मी मान डोलवायचो. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होतो मी, हसू नका — म्हणजे हसा, हरकत नाही — पण शोधायची ती. मी मागून पाण्याची पिशवी घेऊन. इतकी वर्षं आलो, आणि पाहिली काय, तर हिची पाठ.

खूण? खूण कशी करणार? आमच्या कामात तेच तर करायचं नसतं. दोन दगड रचले तरी चोरांना आयतं आमंत्रण — हो, चोर, रोपं उपटून नेतात, हौशी लोकांच्या कुंड्यांसाठी. एकदा म्हटलं, लहानशी खुंटी ठोकू या का, तर कडाडली अंगावर — "त्यापेक्षा पाटीच लावा ना, या आणि घेऊन जा म्हणून!" मग कागदावर नाही, नकाशावर नाही, सगळं तिच्या डोक्यात. आणि ती — जरा बसतो इथं, या खुरट्या झुडपाशी. माझी नेहमीची जागा.

मुलाला दवाखान्याचं सांगून आलोय. तुम्ही बोलणार नाही ना कुठं? आज यायलाच हवं होतं. पावसानंतर एकदाच फुलतं, दुपारी उघडतं आणि ऊन उतरलं की मिटतं. गेल्या खेपेला ती होती. शेवटी शेवटी सांगत होती हो मला, खाटेच्या चादरीवर बोटं अशी चालवून — झुडपापासून असं, मग असं — मी बोटंच धरली तिची. म्हटलं, आत्ता नको, बरी झालीस की तूच दाखव. तिनं पुन्हा विषय काढला नाही. ऐकून घेतलं असतं तर ती जाणार हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, नाही का? होतं ना तसं? तुमचं लग्न झालंय? — असू द्या, असू द्या.

चित्र काढायची ती त्याचं. गुडघ्यांवर, नाक जमिनीला लावून. मी इथं उभा, आणि दर वेळी ओरडा — "अहो, सावली! सावली बाजूला घ्या!" एवढा शिकलेला माणूस, म्हणायची, पण स्वतःची सावली कुठं ठेवावी ते कळत नाही. दर वेळी नेमकी तिच्या कागदावर, त्या रोपावर — थांबा. थांबा हं. मी इथं. ऊन पाठीशी. हाच ऋतू, वेळही हीच. म्हणजे माझ्या डोक्याची सावली जिथं पडते — हात द्या, उठवा मला. वयानं जरा बुटका झालोय, तेवढं पुढं धरू — तिथं! नाही नाही, तुम्ही हलू नका, पाय कुठं पडेल सांगता येत नाही. मी रांगतो. गुडघे गेले तर गेले.

ही गारगोटी. हीसुद्धा गारगोटीच. ही…

अगं, उघडलंय बघ. पिवळंधम्मक. अगं —

तुम्हाला नव्हतो म्हणत. नाही, काही होत नाहीये मला. या, बघायचं तर बघा — अहो, सावली! सावली बाजूला घ्या तुमची. एवढंसंच ऊन उरलंय त्याच्या वाट्याला.

तुम्ही असं करा, गाडीत जाऊन बसा. हे मिटलं की मी येतो. हॉर्न मात्र वाजवू नका.