गेटवरची शेवटची पंगत

या फुटबॉल वर्ल्डकपवाल्यांसारखा चिकट यजमान मी इथे परदेशात, अख्ख्या बॉथेल गावात पाहिला नाही, सांगतो तुम्हाला! तिकिटाची किंमत ऐकून घाम फुटतो, आणि स्टेडियमच्या गेटवर राबायला आम्ही रिटायर म्हातारे, व्हॉलंटियर म्हणून फुकट. पार्किंगसुद्धा आपल्याच खिशातून. काम काय, तर लोकांचं घरचं खाणं काढून घेऊन कचऱ्यात टाकायचं. आत त्यांचेच महागडे हॉटडॉग खपले पाहिजेत ना!

दुपारी आमच्या ओळखीच्या कुलकर्णी वहिनी मॅच बघायला आल्या, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. आमचा सुपरवायझर सतीश, नागपूरचा. म्हणाला, "काका, डम्प करा."

"पुरणपोळी कचऱ्यात? अरे, आपल्याकडे लग्नात वाढप्यांनाही शेवटच्या पंगतीला बसवतात. इथे सकाळपासून कुणी चहाला तरी विचारलं का?"

"रूल आहे, काका. डबा आत जाणार नाही."

"नाहीच जाणार!" मी सगळ्या म्हाताऱ्यांना गेटबाहेर फुटपाथवर ओळीनं बसवलं. वहिनी वाढायला लागल्या.

सतीश लाल झाला. "काका, बॅज काढून घेतील!"

"घेऊ देत. पगार थोडाच कापणार आहेत?"

तो जरा घुटमळला. मग स्वतःचा बॅज खिशात टाकून ओळीच्या टोकाला बसला.

"मीपण फुकटातलाच आहे, वहिनी. वाढा."