राज्य कोणावर

(ऑटिझम असलेल्या मुलांचा खेळवर्ग. चटईवर चित्रांची कार्डं विखुरलेली. चष्मा लावलेला एक मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीत.)

वडील : ताई, दार कोणी उघडं ठेवलं होतं तेवढं सांगा.

ताई : कडी आतून लागलीय, दादा. मी स्वतः बघितली. चिऊ बाहेर गेलेली नाही.

वडील : मग आहे कुठे? दहा मिनिटं झाली. समोर रस्ता आहे. मागे पाण्याची टाकी, तिचं झाकण...

ताई : झाकणाला कुलूप आहे. मावशींनी बघितलं, त्या तिथेच उभ्या आहेत.

वडील : तुम्हीच शिकवलात हा खेळ. चेंडूचं बरं चाललं होतं. माझी पाळी, तुझी पाळी. लपाछपी कशाला काढलीत?

ताई : तिला जमायला लागलं म्हणून. इथे ती दोन हाकांत बाहेर यायची. कार्डावर चित्रच आहे तसं, हाक आली की बाहेर. आज चौघांनी हाका मारल्या, तरी नाही. दादा, घरी काही वेगळं शिकवलंत का?

वडील : सराव घेतला. चार रविवार. माझे आकडे संपायच्या आत ही बाहेर. इमारतीतली पोरं हसायची. म्हणून सांगितलं, कोणी कितीही हाका मारू दे, सापडेपर्यंत यायचं नाही. अगदी मी मारल्या तरी.

ताई : आणि तिने ते पक्कं धरलं.

वडील : सांगितलेलं ती सोडत नाही. त्याचीच तर भीती वाटते. कुठे अडकली असली तरी ओ देणार नाही.

ताई : घरी कुठे लपायची?

वडील : एकाच जागी. आईच्या कपाटात. कपडे अजून तसेच आहेत. तिची आई गेल्यापासून पोरगी रोज ते दार उघडून बघते. आत कोणी आहे का म्हणून.

ताई : इथलं कपाट मी दोनदा उघडलं.

चष्मिस : वीस झाले.

वडील : याला कोणी जरा आत न्या ना.

चष्मिस : वीस झाले. माझ्यावर राज्य आहे.

ताई : थांबा, दादा. बरोबर बोलतोय तो. राज्य त्याच्यावर आणि त्यालाच आपण खुर्चीत बसवून ठेवलं. तुम्ही तिला सांगितलंत, सापडेपर्यंत. पण शोधायचं कोणी? ज्याच्यावर राज्य, त्याने.

वडील : म्हणजे मी हातावर हात ठेवून बसू? माझ्या घरात आता दोनच माणसं उरलीत, ताई.

ताई : माहीत आहे मला. दोन मिनिटं द्या त्याला. बसा. जा रे चष्मिस, शोध.

वडील : हा तर सरळ दाराकडे निघाला.

ताई : जाऊ द्या.

वडील : तिथे मी बघितलंय. बाकाखाली नुसत्या चपला आहेत.

चष्मिस : बाकाखाली बघितलं. बाकावर नाही बघितलं.

वडील : बाकावर खुंटीला माझा कोट लटकतोय. कामावरचा.

चष्मिस : कोटाला बोटं आहेत. सापडली.

चिऊ : सापडली.

वडील : अगं... त्याच खुंटीजवळ उभा राहून मी तुला हाका मारत होतो ना गं.

ताई : श्वास घ्या, दादा. आहे ती. काय रे, तुला इतक्या लवकर कसं कळलं?

चष्मिस : मोजताना बघत होतो. बोटांतून.

ताई : लबाडा. दोन वर्षं शिकवतेय तुला, लबाडी आज पहिल्यांदा केलीस.

चिऊ : तेरा हाका. मी नाही आले.

वडील : नाही आलीस. सांगितलं तस्संच केलंस. चुकलं माझं. आता नवा नियम. बाबाने हाक मारली की यायचं. खेळ अर्धा राहिला तरी.

चिऊ : कार्ड.

ताई : काढते हं चित्र. आजच काढते.

चष्मिस : आता चिऊवर राज्य. बाबा लपणार.

ताई : दादा, नको असेल तर मी लपते.

वडील : नाही, मीच लपतो. मोज, चिऊ. दिसेन असा लपतो.