बाबांच्या गाडीची सायकल

दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून मला ते मिटून बसवलं होतं. कानांना कुठलं आलंय झाकण? शेजारी बसलेल्या बहीणभावांचे वडील तपासायला आत गेले आणि इकडे यांची जुंपली.

“घरची गाडी विकून ही पुढे मोठी पेटी लावलेली सायकल आणलीस, दादा? आणि बाबांना त्या पेटीत घालून आणलंस, पोत्यासारखं?”

“गादी घातलीय की आत.”

“गादीचं कौतुक नको सांगूस! चाळीस वर्षं गाडी चालवली त्यांनी. विचारलंस तरी त्यांना?”

“विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.”

“कसलं डोंबलाचं कारण?”

“माझ्या छोटीला शाळेतून आणताना त्यांना लाल दिवा दिसलाच नाही. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून पोर वाचली. वर यांनी त्यालाच शिव्या घातल्या. छोटीनं सांगितलं मला.”

“मग सरळ सांगायचं ना, आता चालवू नका म्हणून!”

“तू सांग. ते बघ, आलेच.”

“काय गं, झापलंस का या शहाण्याला? गाडी असती तर मीच सोडलं असतं तुम्हाला घरी.”

“झापतेच आहे, बाबा. डोक्यावर पडलाय तो. सावकाश, इथे पायरी आहे.”