कोल्ह्याचं शेवटचं वाजणं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या बालरंगभूमी मंडळाच्या प्रमुख श्रीमती बेव्हर्ली हॉगलुंड, व्यासपीठावरचे मान्यवर, नाट्यगृहातले माझे सहकारी, कोट न काढताच बसलेले रसिकहो, आणि जिच्या सत्कारासाठी आपण जमलो आहोत ती इर्मा कोस्केला,

हीटर आज पुन्हा रुसला आहे, त्याबद्दल मंडळातर्फे दिलगिरी. माझं नाव ग्लेन डेरोझिए. या नाट्यगृहात मी दिवे सांभाळतो. बोलण्याची सवय नाही, आणि खरं सांगायचं तर या हिवाळ्यानंतर अंगात बळही फारसं नाही. पण इर्माने बजावलं होतं, "ग्लेन, दुसऱ्या कुणाला बोलायला लावलंस तर मी येणारच नाही. बाकीचे माझं कौतुक करतील." तेव्हा कौतुक टाळून बोलण्याचा प्रयत्न करतो.

इर्माने आपल्या नाटकांचा आवाज सांभाळला. सांभाळला म्हणजे काय केलं? हे या हिवाळ्यापर्यंत मलाही नीट ठाऊक नव्हतं. आपले संगीतकार टॉइव्हो रिंटाला तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं सगळं संगीत मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा अध्यक्षबाई सहज म्हणाल्या, "इकडचं तिकडे उचलून टाक, झालं." बाई, रागावू नका, आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं.

इर्मा म्हणाली, "उचलू काय? आत आवाज नाहीच. कुठली पट्टी कधी दाबायची, किती वेळ दाबून ठेवायची, एवढ्याच सूचना आहेत. वाजवणारा वेगळा आहे."

तो वाजवणारा म्हणजे एक सॉफ्टवेअर सिंथेसायझर, सूचना वाचून सूर काढणारा प्रोग्रॅम. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, आणि नव्या यंत्रावर तो उघडायलाच तयार नव्हता. म्हणजे जुनं यंत्र गेलं की टॉइव्होंच्या सूचना राहतील, पण आवाज जाईल. उपाय एकच होता. एकेक तुकडा जुन्या यंत्रावर वाजवायचा, तार जोडून तो नव्या यंत्राच्या ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा. आणि हे घाईने उरकता येत नाही, मंडळी. जेवढं लांब संगीत, तेवढा वेळ बसून ऐकायचं. मध्येच एखादी खरखर आली की पुन्हा पहिल्यापासून.

त्यात ते यंत्र तापून बंद पडायचं. म्हणून इर्मा जानेवारीत खिडकी सताड उघडी टाकून बसायची. आपल्या या थंडर बे गावाचा जानेवारी! अंगात कोट, पायात बर्फातले बूट, पण डोक्याला टोपी नाही, कारण कानांवर हेडफोन. मी कॉफी घेऊन जायचो, ती निम्मी प्यायच्या आत गार व्हायची. एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "येतो की. कंटाळा आला म्हणून कान मिटता येतात का?"

आता त्या कोल्ह्याबद्दल सांगतो. टॉइव्होंनी शेवटची रचना केली ती आपल्या नाटकातल्या, गोठलेल्या तळ्यावरून जाणाऱ्या कोल्ह्यासाठी. तिचा आवाज त्यांनी मुद्दाम असा बांधला होता, की तो दर वेळी थोडा वेगळा उमटावा. कधी मधेच उंच चढायचा, कधी नुसता थरथरून खाली बसायचा. कोल्ह्याचं काम करणारा नट शिव्या द्यायचा, पाऊल नेमकं कुठे टाकू म्हणून. आणि दर गुरुवारी टॉइव्होंच्या पत्नी टूलिकी वेलचीचा पुल्ला, तो फिनिश गोड पाव, भाजून घेऊन यायच्या, मागच्या खोलीत बसून एकदा कोल्हा ऐकायच्या आणि घरी जायच्या.

इर्माने त्यांना सांगितलं, आता हेही रेकॉर्ड करावं लागेल. टूलिकी उभ्याच राहिल्या.

"नाही करायचं. रेकॉर्ड केलं की ते तेवढंच राहील. आत्ता दर गुरुवारी नवं येतं. तो आत बसून अजून खुडबुड करतोय, असं वाटतं मला."

"टूलिकी, आत तो नाहीये. आत एक पंखा आहे, आणि तोही आता मरायला टेकलाय."

चुकलंच ते. इर्मालाही बोलताक्षणी कळलं. पण थकलेल्या माणसाच्या जिभेला आवर कुठून असणार? टूलिकींनी पुल्ला टेबलावर ठेवला, दार आपटलं आणि गेल्या. पुढचे कितीतरी गुरुवार त्या फिरकल्या नाहीत.

तोवर बाकी सगळं रेकॉर्ड झालं. राहिला फक्त कोल्हा. मंडळातले एकजण म्हणाले (नाव घेत नाही, ते समोरच बसले आहेत), "अगं, हे संगीत आपल्या मंडळाच्याच मालकीचं आहे. गुपचूप रेकॉर्ड करून टाक. तिला काय कळणार?"

इर्मा म्हणाली, "मग तिने आणलेला पाव मी कुठल्या तोंडाने खाऊ?"

एके सकाळी यंत्र सुरूच होईना. तासभर खिडकीबाहेर गारठवलं, तेव्हा कुठे जागं झालं. इर्मा म्हणाली, "ग्लेन, गाडी काढ." आम्ही टूलिकींच्या दारात पोचलो तेव्हा त्या फावड्याने बर्फ लोटत होत्या. त्या थांबल्या नाहीत. इर्मा त्यांच्या पाठीशीच बोलली.

"मी परवानगी मागायला नाही आले. मला आता भांडायचीही ताकद नाही. यंत्र आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. शेवटचं ऐकायचं असेल तर चल. रेकॉर्ड करायचं की नुसतं ऐकायचं, ते तिथे तू ठरव. नुसतं ऐकलंस तरी मी काही बोलणार नाही."

टूलिकींनी फावडं बर्फात रोवलं आणि आतून पर्स घेऊन आल्या.

मागच्या खोलीत तिघं बसलो. इर्माने तार जोडली. "हे लाल बटण दाबलं की रेकॉर्ड होईल. नाही दाबलंस तर वाजून जाईल."

"तूच दाब ना."

"नाही गं. हे माझ्याच्याने नाही होणार."

मला वाटलं, त्या आता उठून जातील. यंत्राचा पंखा घरघरत होता, खिडकीतून बर्फाचा चुरा आत येत होता. टूलिकींनी हातमोजा काढला आणि लाल बटण दाबलं.

कोल्हा निघाला. आणि काय सांगू, रसिकहो, इतका मलूल कोल्हा मी कधी ऐकला नव्हता! जिथे आवाज चढून उलगडायला हवा, तिथे तो नुसताच कण्हला, आणि तसाच तळ्यापलीकडे गेला. इर्मा हळूच म्हणाली, "आणखी एकदा घेऊ. देईल साथ यंत्र. याहून चांगला येईल."

टूलिकींनी हातमोजा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "नको. टॉइव्होचेही असे दिवस असायचे. तसल्या दिवशीही मी त्याच्याच बरोबर जेवायचे."

आणि मग म्हणाल्या, "आता बंद कर ते. खिडकीही लाव. किती गारठलीस बघ."

इर्मा खिडकीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. टूलिकींनी उठून खिडकी लावली.

या वर्षीच्या नाटकात तोच कोल्हा वाजला, दर प्रयोगाला अगदी तसाच. नट खूष आहे. मी दिव्यांच्या खोलीतून ऐकतो आणि खूष आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही.

इर्माच्या कानात हल्ली सतत बारीक शिट्टी वाजत असते. ती म्हणते, ऐकायचं तेवढं ऐकून झालं. पुढच्या आठवड्यात टूलिकी तिला आपल्या तळ्याकाठच्या लाकडी घरी घेऊन जाणार आहेत. तिथे वीज नाही. मी म्हटलं, दोघी मिळून करणार काय तिथे? इर्मा म्हणाली, "काही नाही. टूलिकी बोलेल, आणि मला ऐकू येईल तेवढं येईल."

अध्यक्षबाईंनी मला बोलू दिलं, आपण गारठत का होईना ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ओघात कुणाला बोल लागला असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर थकलेल्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि टाळ्या वाजवायच्याच असतील तर जरा हळू वाजवा. इर्माचे कान दुखतात.