यादीतलं पहिलं नाव

वहिनी : ...म्हणून तर तुम्हाला जेवणावरून उठवलं, भाऊजी. बघा तुम्हीच या कॉम्प्युटरवर. वर लिहिलंय, 'उपलब्ध दाते : एक'. आणि खाली?

भाऊजी : खाली काहीच नाही.

वहिनी : माणूस आहे, पण दिसत नाही. रक्त द्यायला भूत येणार आहे का?

भाऊजी : गट कुठला?

वहिनी : ओ निगेटिव्ह. वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे, उद्या सकाळी सिझेरियन. तिला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. डॉक्टरांना हाताशी दोन पिशव्या हव्यात, माझ्या रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये एकच आहे.

भाऊजी : दुसऱ्या रक्तपेढीत?

वहिनी : दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी हात वर केले. बसा इथे. हे पान तुम्हीच बनवलंत ना? 'वहिनी, ती तुमची जाडजूड वही आता रद्दीत घाला' म्हणाला होतात.

भाऊजी : नऊ वर्षं झाली. पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकताच शिकलो होतो, शिंगं फुटली होती मला. थांबा, कोड उघडतो... अरे देवा.

वहिनी : काय झालं?

भाऊजी : डेटाबेस बरोबर उत्तर देतोय. तो देतोय, मी ते नीट घेत नाहीये.

वहिनी : मला कळेल असं बोला.

भाऊजी : शिबिराच्या दिवशी तुमच्या दाराशी रांग लागते ना? डेटाबेस तशीच नावांची रांग उभी करून देतो. आपण 'पुढचा' म्हणायचं, की एक नाव आत येतं. आत आलेलं परत रांगेत जात नाही. मी काय शहाणपणा केला, रांगेत कोणी आहे का हे बघायलाच एकदा 'पुढचा' म्हणून ठेवलं.

वहिनी : मग एक जण आला असेल की.

भाऊजी : आला. त्याचं नाव मी कुठे लिहिलंच नाही. त्यानंतर खाली पुन्हा 'पुढचा, पुढचा' करत नावं लिहायला घेतली.

वहिनी : म्हणजे प्रत्येक यादीतला पहिला माणूस...

भाऊजी : मी गिळला. वीस जण असले की एकोणीस दिसतात, मोजतंय कोण! बाकीचे नुकतेच रक्त देऊन गेले म्हणून यादीबाहेर, आणि एकच उरला असला, तर पान रिकामं.

वहिनी : भाऊजी, हे आजच झालं नाही. असं मी आधी दोन-तीनदा पाहिलंय. म्हटलं, मशीन म्हातारं झालंय.

भाऊजी : मला सांगितलं का नाहीत?

वहिनी : तेव्हा रक्ताच्या मागे धावत होते. मिळालं बाहेरून. एकदा यायला तीन तास लागले.

भाऊजी : आणि पेशंट?

वहिनी : वाचला.

भाऊजी : तो वाचला, म्हणून माझी चूक लहान होत नाही.

वहिनी : माझीही नाही. हळहळ नंतर करू. दुरुस्त होतंय का सांगा.

भाऊजी : एक ओळ काढायची होती. काढली. उघडा पान.

वहिनी : आलं! शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. इथून चार रस्ते पलीकडे. नोंद नऊ वर्षांपूर्वीची. शेवटचं रक्तदान... अहो, हा रकाना कोराच आहे. एवढ्या वर्षांत एकदाही नाही?

भाऊजी : यादीचा क्रम तुम्हीच सांगितला होतात, आठवतंय?

वहिनी : हो. सगळ्यांना सारखी पाळी यावी म्हणून. ज्याने देऊन फार दिवस झाले तो वर, आणि ज्याने कधीच दिलं नाही तो सगळ्यांच्या वर.

भाऊजी : म्हणजे या बाई वर होत्या म्हणून दिसल्या नाहीत. दिसल्या नाहीत म्हणून बोलावलं नाही. आणि बोलावलं नाही म्हणून वरच राहिल्या.

वहिनी : ...द्या तो फोन इकडे.

(दोन तासांनंतर. रक्त देऊन झालेल्या शिंपीणबाई खाटेवर टेकून बसल्या आहेत.)

शिंपीणबाई : झालं पण? मला वाटलं, आत्ता कुठे सुई टोचलीत.

वहिनी : झालं. पिशवी तपासणीला गेलीसुद्धा. लगेच उठू नका, हे सरबत घ्या आधी.

शिंपीणबाई : मी रोज सुया टोचून घेते हो. मला काही होत नाही. एक विचारू का?

वहिनी : विचारा ना.

शिंपीणबाई : माझ्या धाकट्या बहिणीला इथूनच तीन पिशव्या मिळाल्या होत्या. त्याच आठवड्यात मी नाव दिलं. मग फोनच नाही. मला वाटलं, आपल्या रक्तात काहीतरी खोट असणार, आणि तोंडावर कसं सांगायचं म्हणून तुम्ही लोक गप्प.

भाऊजी : ताई, ती यादी मी बनवली होती. खोट माझ्या कामात होती. तुमचं नाव पहिलं होतं, आणि पहिलंच नाव कोणाला दिसत नव्हतं. चुकलं माझं.

शिंपीणबाई : पहिलं होतं?

भाऊजी : पहिल्या दिवसापासून.

वहिनी : आणि बाकीच्या सात गटांतही असं कोणी ना कोणी पहिलं असणार. उद्यापासून एकेकाला फोन लावते. नंबर चालू असले म्हणजे मिळवली.

शिंपीणबाई : असतील हो. माझा फोन दोनदा बदलला, पण नंबर तोच ठेवला. म्हटलं, त्यांना लागलं तर सापडायला हवं.