पहिल्या नंबराचा रेडिओ

होय, नरहरीशेटच्या रेडिओत बोंबील मीच घातले. ओलेच घातले, सुके महाग झालेत. लिवा.

नाव गोजराबाई शांताराम तांडेल, वय बावन्न, धंदा मासळी विकायचा, राहणार शिरगाव, तालुका पालघर. नवरा वारला. चवथी शिकले, वाचता येतं. आज शनिवार, ता. ५ नोव्हेंबर १९६६ रोजी हवालदारांनी समक्ष विचारल्यावरून सांगते की,

नरहरीचं पालघर स्टेशनाजवळ रेडिओचं दुकान हाय. पूर्वी तो लाकडी पेटीचा रेडिओ विकायचा. दिसायला म्हातारा, पण होडीवर खाऱ्या वाऱ्यात वाजायचा. आमी हवामानाची बातमी त्याच्यावरच ऐकायचो. गेल्या जेठात मुंबईच्या एका मासिकानं नव्या प्लास्टिकच्या रेडिओला पहिला नंबर दिला. नरहरीनं ते पान लाल रेघा मारून काचेत लावलं. लोक तोच मागू लागले. त्यानं जुना ठेवायचा बंद केला. बोलला, "मावशी, मासिकात नाव नाय तो माल पडून राहतो."

पानावर लिवलंय, 'शिरगावची एक कोळीण सांगते, भर समुद्रात खणखणीत वाजतो.' कुठल्या सटवीनं सांगितलं, तिला शोधा.

नारळी पुनवेला माझ्या मुलानं, रामानं, जुना नरहरीला देऊन हा बदलून आणला. सून जमना हिनं होडीबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं. दोन खेपांत त्याचा घसा बसला. मी दुकानात नेला.

"पहिल्या नंबराचा हाय, मावशी. खाऱ्या हवेत बिघडतो असं पानात कुठं लिवलंय?"

"मग पानच दे. होडीवर लावते, ते बातम्या देईल."

त्यानं मागून उघडून फुंकर मारली नि परत दिला. रामा तोच घेऊन दर्यावर गेला.

मंगळवारी सांजच्या सहाला रेडिओवर वादळाची बातमी झाली. शेजारच्या तात्याच्या होडीवर जुना रेडिओ हाय. त्यानं ऐकलं, जवळच्या दोन होड्यांना हाका मारल्या, तिन्ही होड्या बुधवारी बंदराला लागल्या. रामाची होडी लांब होती. हाक पोचली नाय, ती अजून आली नाय. होडीत रामा धरून चार माणसं. जमनाला सातवा महिना हाय.

काल सकाळी दहाला मी नरहरीला हे सांगायला गेले. तात्यानं घरी दिलेले बोंबील टोपलीत होते. दुकानात बोईसरचे दोन फिटर उभे होते. नरहरी त्यांना पान वाचून दाखवत होता, "समुद्रपर भी चलता है, देखो, कोळीण बोली है." मी काचेतला रेडिओ काढला, मागचं झाकण उघडलं, अकरा बोंबील दाबून बसवले.

नरहरी ओरडला, "मावशी, वास मारेल!"

मी बोलले, "पानात कुठं लिवलंय?"

फिटर हसले. मी हसले नाय.

लिवलेलं हवालदारांनी वाचून दाखवलं. सांगितलं तसंच हाय. थांबा, सही मागनं घ्या.

वरची सटवी खोडू नका. चैतात मासिकवाला नमुन्याचा रेडिओ घेऊन नरहरीकडं आलेला. मी मासळी द्यायला गेलेले. त्यानं विचारलं, बाई, हा समुद्रावर चालेल का? मी हातात पण धरला नव्हता. थट्टेत बोलले, "असा खणखणीत वाजतो, पापलेटं नाचत जाळ्यात येतात." पापलेटं त्यानं गाळली. पान छापून आलं तेव्हा घरी मिरवलं. रामा आधी जुना द्यायला तयार नव्हता. मग बोलला, आयनं सांगितलंय म्हंजे चांगलाच असंल.

ती कोळीण मी.

हे पण वाचून दाखवलं. बरोबर हाय.