टाकीखालची म्हैस

मोहाडीच्या पंचायत समितीत अर्ज द्यायची रांग होती. माझ्यापुढे एका घरकुल वसाहतीच्या अध्यक्ष बेबीबाई, त्यांच्यापुढे करडी गावचे धनीराम. धनीरामांनी मागे वळून विचारलं,

"तुमी कायले आल्या, बेबीबाई?"

"आमच्या टाकीले ऑटोमॅटिक बसवलं ना, भाऊ. टाकी भरली का मोटर आपोआप बंद होते."

"मंग चांगलंच झालं."

"काय चांगलं? पहिले टाकी भरली का वरतून पानी सांडे, थेट माह्या म्हशीच्या पाठीवर. म्हैस रेके. ते रेकली का बाराही घरायले समजे, नऊ वाजले. कोनी मोटर बंद करे, माही नात गुड्डी शाळेत पळे, शेजारचे वासुदेवराव बीपीची गोळी घेत."

"आन आता?"

"आता पानी सांडतच नाही. म्हैस पाइपाखाली उभी राहून वरतं पाहून राहिली. दूध देत नाही. गुड्डीले रोज उशीर. वासुदेवराव म्हनतात, म्हैस रेकल्याबिगर गोळी घेत नाही."

"नळीनं धुवून द्या ना तिले."

"देली धुवून. तिले वरतूनच पाह्यजे."

"मंग अर्जात काय लिवलं?"

"ऑटोमॅटिक काढून न्यावं, टाकी पहिल्यासारखी वाहू द्यावी."

"साहेब मानतीन का?"

"तेच तं. मागच्या वर्षी टाकी वाहते म्हून सात अर्ज आले, तवाच तं त्यायनं ऑटोमॅटिक देलं."

"सात? एवढे अर्ज कोनं देले?"

"रांग सरकली, भाऊ. तुमी पुढं व्हा."